हाताच्या क्लचची जीप

पोलिसांनी जप्त केलेली जीप चाकणच्या चौकीपर्यंत न्यायला बैल जुंपावे लागले. हवालदाराला मोटार चालवता येत होती. पण आत बसल्यावर त्याला क्लचच सापडेना. पायाशी दोनच पेडल, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. तिसऱ्याच्या जागी लोखंडी पट्टी वेल्ड करून भोक बुजवलेलं. त्याने वाकून बघितलं, सीटखाली हात घातला, आणि शेवटी शेजारच्या शेतातून बैलजोडी मागवली.

हे सगळं मला चिंचवडला दुपारी कळलं. निरोप असा होता: गॅरेजवाल्या बाईंना चौकीवर बोलावलंय, गाडीत फेरफार कोणी केला ते सांगायला.

इस्माईल मिस्त्री तेव्हा एका ट्रकखाली होते. ते तिथूनच म्हणाले, "वहिनी, मी बोललो होतो. पोलिसाला जे समजत नाही ना, ते तो गुन्हा म्हणून लिहितो."

"बाहेर या आणि चला माझ्याबरोबर."

"मला ताप आहे."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

मी एकटीच गेले. नवरा वारल्यावर गॅरेज मी चालवायला घेतलं, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. गिऱ्हाइकांची, पेट्रोलच्या धुराची, पुण्याच्या मोटार खात्यातल्या खिडक्यांची सवय झाली होती. पोलीस चौकीची नव्हती. बाईमाणूस चौकीत गेली की बाहेरच्या बाकावरचे सगळे बोलायचे थांबतात. त्या शांततेतून आत जाताना मी दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

सोपान बागडे आत भिंतीला टेकून उभा होता. कुरुळीचा. दुसऱ्या महायुद्धात फौजेत ड्रायव्हर होता. डावा पाय गुडघ्याखाली तिकडेच राहिला, आणि लष्करी इस्पितळातून लाकडी पाय बसवून तो घरी आला. नांगरामागे चालता येईना. बसून करता येईल असं एकच काम त्याला येत होतं. लढाईनंतर लष्कराच्या जुन्या गाड्या विक्रीला निघाल्या. आम्ही त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणायचो. त्यातली एक जीप त्याने घेतली. शेतातली मेथी, कोथिंबीर, गवार पहाटे पुण्याच्या मंडईत पोचवायची, एवढा त्याचा बेत.

अडचण क्लचची होती. इंजिन सतत फिरत असतं. त्याची फिरकी चाकांना कधी जोडायची आणि कधी तोडायची, हे क्लच करतो. गिअर बदलताना ती तोडावी लागते, आणि हे काम डाव्या पायाचं असतं. लाकडी पायाला पेडल कळत नाही. एकदा त्याचा पाय पेडलवरून घसरला आणि जीप ओढ्यात गेली. तेव्हा तो माझ्याकडे आला.

मिस्त्रींनी आणि मी मिळून क्लच हातावर आणला. गिअरच्या दांडीलाच सायकलच्या ब्रेकसारखी, पण चांगली लांब मूठ बसवली. तिथून जाड तार नळीतून खाली क्लचपर्यंत. मूठ आवळायची, त्याच हाताने गिअर बदलायचा, मूठ सोडायची. जीप लष्करी असल्यामुळे तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं आणि गिअरची दांडी उजव्या हाताला. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा बाकी सगळ्याला. सोपान ते चार दिवसांत शिकला.

आता कायदा. नोंदणीच्या पुस्तकात जशी लिहिली आहे त्याहून गाडी वेगळी केली, तर ते खात्याला कळवून मंजूर करून घ्यावं लागतं. त्याला आल्टरेशन म्हणतात. हातापायाने अधू माणसाला लायसन मिळत नाही. अपवाद एकच: गाडी खास त्याच्यासाठी बदललेली असेल आणि मोटार इन्स्पेक्टरने ती बघून, माणसाला चालवायला लावून, पसंत केली असेल तर. मी रीतसर अर्ज केला होता. उत्तर यायचं होतं. तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं मी सोपानला बजावलं होतं.

"मेथी थांबत न्हाई, वैनी," तो चौकीत मला म्हणाला. "अर्ज थांबतो."

"गप बस," मी म्हणाले.

हवालदार मोठ्या मिशांचा, आवाजाने त्याहून मोठा. त्याने मला बसायला सांगितलं नाही.

"बाई, गाडीचा क्लच काढून तुम्ही काय ठेवलंय तिथं? दारूचा फुगा?"

तेव्हा दारूबंदी होती, आणि दारू रबरी फुग्यांत भरून गाड्यांतून चोरून नेत. ज्या गाडीत काही वेगळं दिसे तिच्यात दारू लपवलेली असणार, असा पोलिसांचा हिशेब. सीट फाडत, दरवाजाचे पत्रे उचकटत. मी म्हणाले, "तिथं काही नाही. भोक होतं, ते बुजवलं."

"का बुजवलं?"

"पावसाळ्यात चिखल उडतो म्हणून."

"मग चालते कशी?"

मी त्याला बाहेर नेलं, मूठ दाखवली. त्याने ती आवळली, सोडली, परत आवळली. त्याला ती आवडली असावी, कारण त्याचा आवाज जरा उतरला. पण केस झालीच होती. म्हणाला, "चाकणला मोटार इन्स्पेक्टरसाहेबांचा कॅम्प आहे पुढच्या आठवड्यात. ते बघतील. त्यांनी नापास केलं तर ह्याला लायसन मिळणं संपलं, कायमचं. आणि तुमच्या गॅरेजवरही रिपोर्ट जाईल. साहेब फार कडक आहेत. ते टायरला हात लावून नापास करतात."

सोपानने तोपर्यंत मान वर केली नव्हती. लायसन हा शब्द आला तेव्हा केली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला बरं वाटलं नाही, म्हणून मी जीपकडे बघितलं.

हमीपत्र लिहून देऊन आम्ही जीप सोडवली. मीच ती चालवत चिंचवडला आणली. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात क्लचच्या तारेशिवाय काही नव्हतं. गॅरेजमध्ये जोडताना पहिली तार एकदा तुटली होती, आवाज बंदुकीसारखा. इन्स्पेक्टर शेजारी बसलेला आणि तार तुटली, तर? गिअर अडकून पडणार, गाडी आचके देत रस्त्याच्या मधोमध उभी. मिस्त्रींनी नवी तार घातली, जरा जाड. मी ती रोज आवळून बघायची, दुपारी जेवताना उठून बघायची. ब्रेकही काढून बघितले. चारही चाकं खोलली, साफ केली, लावली. ब्रेक उत्तम होते. त्यांच्याबद्दल मला क्षणभरही चिंता नव्हती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

कॅम्पच्या दोन दिवस आधी मीच जीप कुरुळीला नेऊन सोपानकडे सोडली. घरच्या उतारावर, शेतातल्या वाटेवर त्याला हात बसवायचा होता. कॅम्पच्या सकाळी मी एस.टी.ने कुरुळीला उतरले. थंडीचे दिवस होते. जीप गोठ्याच्या भिंतीला चिकटवून उभी होती, डावी बाजू भिंतीकडे. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेला कुंकू, बंपरला लिंबू-मिरची.

सोपानचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, धोतर सावरत पुढे आले. अंगाने वाळलेले, बोलायला जोरकस.

"वैनी, आमी पन येनार."

"कशाला?"

"म्होरच्याला सांगाया. पोरगं माजं लबाड न्हाई."

"आबा, साहेब गाडी बघणार आहेत. पोरगं नाही."

"दोनी येकच की."

सोपान म्हणाला, "बसू द्या, वैनी. न्हाईतर चालत येतील मागनं."

हार आणि लिंबू मी काढायला लावले. आबांना ते पटलं नाही. आम्ही निघालो. कुरुळीहून चाकणपर्यंत रस्ता जवळपास सपाट, आणि सकाळी रहदारी नव्हती. सोपानने ब्रेक एकदा की दोनदा दाबला असेल. माझं लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे. मूठ आवळली, गिअर पडला, मूठ सुटली. तार धरत होती.

डाक बंगल्यासमोर वडाखाली टेबल मांडून इन्स्पेक्टर बसले होते. बारीक, टापटीप, चष्म्याची काच सारखी पुसणारे. ट्रकवाले, टांग्यातून आलेले गाडीमालक, सगळे रांगेत आणि सगळे गप्प. आमच्या पुढच्या ट्रकला त्यांनी हॉर्नवरून परत पाठवलं. त्या ड्रायव्हरने निमूट ट्रक वळवला.

आमची पाळी आली. साहेबांनी जीपभोवती एक फेरी मारली. मागच्या बाजूला 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' अशी पाटी रंगवली होती, ती वाचली. दिवे, हॉर्न, चाकं हलवून बघितली. मग आत वाकून मूठ बघितली. बराच वेळ.

"ही कल्पना कुणाची?"

"गॅरेजची," मी म्हणाले.

"गॅरेज कुणाचं?"

"माझं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तार तुटली तर?"

"जाड घातली आहे. आणि तुटली तर इंजिन बंद करून ब्रेकने गाडी थांबवता येते."

"येते का, ते बघू. सपाटीवर काही कळत नाही. कॅम्प उरकला की मला पुण्याला जायचंच आहे. तुमच्याच जीपने मोशीपर्यंत जाऊ. नदीचा उतार आहे. तिथं कळेल." मग हवालदाराला म्हणाले, "तुम्हीही चला. केस तुमची आहे."

पुढे सोपान आणि शेजारी साहेब. मागे आडव्या बाकांवर मी, आबा आणि हवालदार. हवालदाराने टोपी काढून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी बाजूचा पाइप पकडला.

"भ्या वाटतंय का?" आबांनी विचारलं.

"मला कशाला?"

"मंग पाइप सोडा की. त्यो न्हाई पळत."

साहेबांनी मागे न बघता म्हटलं, "बोलू नका."

चाकणच्या बाहेर सपाटीवर साहेब म्हणाले, "थांबवा." सोपानने ब्रेक दाबला. जीप थांबली, पण थांबताना तिने डावीकडे जराशी मान टाकली. सोपानने स्टिअरिंग सावरलं.

"डावीकडे ओढते?"

"रस्ता तिकडं उतरता हाय, साहेब."

साहेबांनी काहीतरी टिपलं. मी रस्त्याकडे बघितलं. रस्ता उतरता नव्हता.

ब्रेकने गाडी एका बाजूला ओढली, याचा अर्थ दुसऱ्या बाजूचे ब्रेक कमी धरतात. डावीकडे ओढली म्हणजे उजवीकडचे गेले. पण दोनच दिवसांपूर्वी मी चारही चाकं बघितली होती. मनातल्या मनात एकेक नट परत आठवला. चूक सापडेना. पुढे एका बैलगाडीमागे सोपानला परत ब्रेक दाबावा लागला, आणि या वेळी जीप चांगलीच डावीकडे गेली. साहेबांनी परत टिपलं. सोपानची मान ताठ झाली होती. त्याला कळलं होतं. आणि त्याला कळलंय हे मला कळलं होतं. आम्हा दोघांमध्ये साहेबांची पाठ होती.

मग वास आला. तापलेल्या तेलाचा. इंजिन ऑइल जळतं त्याचा वास मला झोपेतही ओळखता येतो. हा तो नव्हता. गोडसर, जड, घशात बसणारा. मी आबांच्या कानाशी वाकले.

"आबा, कसला वास येतोय?"

"येरंडेल," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. "म्या घातलंय."

"कुठं घातलंय?"

"चाकात. येवढ्या लांब जायाचं तर चाकं कोरडी ठिवायची व्हय? सोपानला याद न्हाई ऱ्हात. बैलगाडीला तर मी आजवर वंगनाबिगर गावाभाईर काढलं न्हाई."

बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय शेतकरी गाडी जुंपत नाही. चाक करकरलं की ऐकणारे म्हणतात, या घरात कोणी कर्ता नाही. आबांनी सकाळी तेच केलं होतं. जीपच्या चाकात ब्रेकचा ड्रम असतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. आत दोन पट्ट्या असतात, त्यांना लायनिंग म्हणतात. ब्रेक दाबला की त्या ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. सगळा खेळ घासण्याचा. त्या जीपच्या ड्रमला आतली फट मोजायला एक खाच होती. आबांना वाटलं, ती वंगणासाठीच ठेवलेली. त्यांनी नळकांड्याने एरंडेल ओतलं, उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांत. डाव्या बाजूला गोठ्याची भिंत होती, तिकडे हात पोचला नाही. थंडीत एरंडेल घट्ट असतं, म्हणून सकाळी काही जाणवलं नाही. ड्रम तापत गेले तसं ते पातळ झालं आणि लायनिंगवर पसरलं.

हे सगळं लिहायला एवढा वेळ लागतो. तेव्हा मला ते एका श्वासात कळलं. समोर रस्ता वाकला होता, आणि वाकणापलीकडे नदीचा उतार.

मी मोठ्याने म्हणाले, "साहेब, गाडी थांबवायला सांगा. ब्रेकमध्ये तेल गेलंय."

साहेब मागे वळले. "बाई, उतार जवळ आला की सगळ्यांच्या ब्रेकमध्ये तेल जातं."

"खरं सांगतेय. उजवीकडचे ब्रेक गेलेत. टेस्ट नापास करा, पण थांबवा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचा रंग बदलला. "थांबवा," ते सोपानला म्हणाले.

सोपानने ब्रेक दाबला. जीप उताराच्या तोंडावर होती. थांबण्याऐवजी तिने डावीकडे झेप घेतली. रस्त्याची कड, त्याखाली नदीकडे जाणारी दगडांची उतरण. डावं चाक कडेच्या मुरमात गेलं आणि खडे उडाले. सोपानने ब्रेक सोडला, स्टिअरिंग ओढून जीप रस्त्यावर आणली. आता ब्रेक दाबावा तर कडेला जायचं, आणि न दाबावा तर खाली. खाली पुलाच्या तोंडाशी कांद्याच्या गाड्या अडून उभ्या होत्या, एकामागे एक, बैल जुंपलेल्याच.

हवालदार म्हणाला, "आई गं." एवढंच. मिशा, आवाज, सगळं गेलं होतं.

सोपानने मूठ आवळली. वरचा गिअर काढून खालचा घातला. गिअर खालचा असला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. जीप गुरगुरली, वेग थोडा उतरला. पुरेसा नाही. त्याहून खालचा गिअर चालत्या गाडीत सहज पडत नाही. मूठ दोनदा आवळावी लागते, मध्ये इंजिनला झटका द्यावा लागतो. चुकलं तर गिअर लागत नाही आणि गाडी मोकळी सुटते. मी तारेकडे बघत होते. तुटू नको, असं मी मोठ्याने म्हणत होते, हे मला नंतर हवालदाराने सांगितलं.

मूठ आवळली. सुटली. इंजिन किंचाळलं. मूठ आवळली. दातांवर दात घासल्याचा आवाज, मग ठक. गिअर पडला. आम्ही सगळे पुढे फेकलो गेलो.

तरी जीप चालतच होती. कांद्याच्या शेवटच्या गाडीवरचा माणूस मागे वळून उभा राहिला आणि ओरडायला लागला. सोपानचा डावा हात स्टिअरिंगला, उजवा मुठीवर. तिसरा हात नव्हता. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. इंजिनाची फिरकी मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्यावर असतो. तिथे एरंडेल पोचलं नव्हतं.

"साहेब, हँडब्रेक! समोरची मूठ ओढा!"

साहेबांच्या मांडीवर कागद होते. त्यांनी ते टाकले, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि पाय पुढे रोवून ओढली. खालून करकर आवाज आला. जीप थरथरली, घसरत गेली आणि उभी राहिली. बंपर आणि कांद्याची गाडी यांच्यात एखाद्या माणसाला उभं राहता आलं असतं, जेमतेम.

गाडीवानाच्या शिव्या तेवढ्या ऐकू येत होत्या. त्या त्याने बराच वेळ दिल्या, आणि त्या ऐकायला बऱ्या वाटत होत्या.

हवालदार खाली उतरला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसला. साहेबांनी उतरून कागद गोळा केले, झटकले, क्रमाने लावले. मग उजव्या चाकाशी वाकले. ड्रममधून तेल ओघळून रिमवर आलं होतं आणि धूर निघत होता. त्यांनी बोट लावलं, हुंगलं.

"हे काय आहे?"

मी सांगणार होते. पण आबा मध्ये आले. त्यांना अजून पुरतं कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं हे समजलं होतं.

"येरंडेल, साहेब. म्या घातलं. चांगलं घरचं हाय."

साहेबांनी सोपानकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मोटारीच्या चाकात?"

"चाकातच की. मंग कुठं घालनार?"

"आबा," मी म्हणाले, "त्या तेलाने ब्रेक सुटले. आत्ता आपण सगळे नदीत गेलो असतो."

ज्या हाताने तेल घातलं होतं तो हात आबांनी धोतराला पुसला. परत पुसला. सोपान जीपमधून उतरला नव्हता. बापाला तो एक शब्द बोलला नाही, ना तेव्हा, ना परत येताना. त्याचा उजवा हात मुठीवरच होता आणि बोटं उघडत नव्हती. ती मी एकेक करून उघडली.

साहेब रस्त्यातच उभे राहून लिहीत होते. मी वाट बघत होते. उतारावर वाटली नव्हती एवढी भीती मला त्या पेन्सिलीची वाटली. उतारावर काहीतरी करता येत होतं.

"साहेब," मी म्हणाले, "लायसन..."

"गाडी नापास," ते म्हणाले. "ब्रेक निकामी. दुरुस्ती होईपर्यंत ही रस्त्यावर येणार नाही. इथूनसुद्धा चालवत न्यायची नाही."

"हो."

"तेल कोणी घातलं, हा कायद्याचा प्रश्न नाही. गाडी दाखवायला आणली तेव्हा ती कशी होती, तेवढंच मी बघतो."

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण माझ्याकडे दोन प्रश्न आले होते. दुसरा असा, की हा माणूस हाताच्या क्लचवर गाडी ताब्यात ठेवू शकतो का." मग त्यांनी खालच्या बैलांकडे बघितलं. "दोन पाय असलेल्या किती ड्रायव्हरांना उतारावर तो गिअर घालता आला असता, मला माहीत नाही. माणूस पास."

सोपानने ते ऐकलं. तो म्हणाला, "साहेब, मेथी..." आणि थांबला. पुढे काय म्हणायचं होतं ते त्यालाही ठाऊक नसावं.

"गाडी पुढच्या कॅम्पला आणा," साहेब म्हणाले. "आणि बाई, तुमची ती तार चांगली आहे."

ते एका ट्रकमध्ये बसून पुण्याकडे गेले, हवालदार दुसऱ्या ट्रकने चाकणला. हवालदाराने जाताना टोपी घातली आणि सोपानला नमस्कार केला. पुढे तो त्या रस्त्यावर होता तोवर त्याने जीप दर आठवड्याला अडवली. संशय म्हणून नाही. नव्या शिपायांना क्लच दाखवायला.

इस्माईल मिस्त्रींना निरोप धाडला. त्यांचा ताप उतरला होता. त्यांनी पुलाशीच उजवी चाकं खोलली, ड्रम पेट्रोलने धुतले. तेल प्यायलेल्या लायनिंगला काही इलाज नसतो. ती फेकून नवी बसवली. काम करताना ते एरंडेलाला, सरकारला आणि मला क्रमाने बोलले. आबा शेजारी बसून होते. एकदा त्यांनी विचारलं, "मंग ह्या चाकाला कायच घालायचं न्हाई?" मिस्त्री म्हणाले, "नमस्कार घाला, आबा. लांबून."

पुढच्या कॅम्पला साहेबांनी चारही चाकं स्वतः खोलायला लावली. मग मोशीच्या उतारावर नेलं. मी मागे बसले होते. उतार सुरू झाला तसा मी श्वास धरला आणि पुलावर पोचल्यावर सोडला. जीप सरळ थांबली. नोंदणीत आल्टरेशन चढलं, सोपानला लायसन मिळालं. तो अजून मंडईत जातो. तो उतार तो पहिल्या गिअरमध्ये उतरतो आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवतात. वाजवू दे.

आम्ही सगळ्यांनी आठवडाभर क्लचची भीती बाळगली, आणि क्लच सबंध वेळ नीट चालला. घातपात झाला तो मायेने. या धंद्यात मी चोर बघितले, खोटे नंबर बघितले, दारूचे फुगेही बघितले. त्यांच्यापासून गाडी वाचवता येते. गाडीवर जीव असलेल्या माणसापासून वाचवणं अवघड.

तेव्हापासून गाडी ताब्यात देताना मी आधी विचारते, घरात बैलगाडी आहे का. असली, तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला गॅरेजवर बोलावून घेते, चाकापाशी उभं करते आणि सांगते, इथं काही घालायचं नाही. तेल नाही, तूप नाही, पंचामृत नाही. ते हो म्हणतात. मान डोलावतात. कोणी हसतातसुद्धा.

आठवड्याने मी त्यांच्या गावी जाते आणि ड्रम उघडून बघते.